शिवणवर्गातली चक्कर

आमचं केंद्र बंद पडायची वेळ आली ती मी माझं काम फार चांगलं केल्यामुळे. ही बढाई नाही. अजूनही आठवलं की माझं डोकं फिरतं.

गावात कुणी जिन्यावरून पडलं, कुठे आग लागली, कुणाच्या घरात चोर शिरला, की लोक जो नंबर फिरवतात तो फोन मी उचलते, आणि रुग्णवाहिका, बंब किंवा पोलीस, ज्याची गरज असेल त्याला पाठवते. अग्निशमन केंद्राच्या वरच्या मजल्यावर आमची खोली आहे. दोन टेबलं, दोन हेडफोन, भिंतभर गावाचा नकाशा आणि एक खिडकी, जिच्यातून खाली बंब धुणारी माणसं दिसतात. दोन्ही टेबलांवर एकेक लाल दिवा आहे. लाइनवर कुणी असलं की तो लागतो. दोन्ही दिवे लागलेले असताना तिसरा फोन आला, तर भिंतीवरचा भोंगा बारीक आवाजात वाजत राहतो, म्हणजे कुणीतरी ताटकळतंय. हा भोंगा कित्येक वर्षं वाजलाच नव्हता. रेडिओकाका त्याच्यावर आपली टोपी अडकवायचे.

रेडिओकाका म्हणजे माझ्या पाळीतले सहकारी. आवाज असा की घर जळत असलं तरी माणसाला वाटावं, चला, बातम्या लागल्या. आमच्या वर मोठ्या बाई, केंद्रप्रमुख. त्यांचे नियम थोडेच, पण काळ्या दगडावरची रेघ. फोन उचलला की आधी पत्ता विचारायचा, मग काय झालं ते, मग श्वासाचं, मग जवळ कोण आहे ते. फोन कितीही फालतू वाटला तरी एकही प्रश्न गाळायचा नाही. आणि समोरच्याने ठेवल्याशिवाय आपण फोन ठेवायचा नाही.

आता माझं चांगलं काम. मी शाळाशाळांत जाऊन मुलांना सांगायचे, विनाकारण फोन करू नका, तुमच्या एका गमतीपायी दुसऱ्याचा जीव टांगणीला लागतो. मुलं भलतीच कडक निघाली. त्यांनी घरी जाऊन आईबापांवर पहारा ठेवला. वीज कधी येणार, घड्याळात किती वाजले, शेजाऱ्याचा कुत्रा का भुंकतोय, असले सगळे फोन बंद झाले. मग लोक इतके शहाणे झाले की चौकातल्या सलूनवाल्याचा पाय मोडला तेव्हा, उगाच तुम्हाला कशाला त्रास, म्हणून तो भाजीवाल्याच्या हातगाडीवर बसून दवाखान्यात गेला. आमच्या दुपारच्या दुपारी कोऱ्या जाऊ लागल्या. नवरा चिडवायचा, तुला पगार कशाचा देतात, वाट बघण्याचा? मी हसून घालवायचे, पण ते टोचायचं.

तेवढ्यात नगरपालिकेत नवे लेखाधिकारी आले. आम्ही त्यांना दशांशसाहेब म्हणायचो, कारण हा माणूस अर्धा कप चहासुद्धा शून्य पूर्णांक पाच म्हणून मागवत असेल, असं रेडिओकाकांचं ठाम मत होतं. माणूस वाईट नव्हता. गावाचा पैसा वाया जाऊ नये असं त्यांना मनापासून वाटायचं, आणि त्यात चूक काय? पण त्यांनी प्रस्ताव आणला की पुढच्या वर्षापासून केंद्राला ठरलेली रक्कम द्यायची नाही, फोनमागे अनुदान द्यायचं. जेवढे फोन तेवढा पैसा. आमच्याकडे येणाऱ्या फोनांत आमच्या खोलीचं वीजबिलसुद्धा भागलं नसतं. म्हणजे खोलीला कुलूप, आणि गावाचे फोन दूरच्या शहरातल्या मोठ्या केंद्राकडे. काही महिने फोन मोजायचे आणि मग खुल्या सभेत काय तो निकाल लावायचा, असं ठरलं.

मला ती खोली हवी होती. दुसरी नोकरी मिळाली नसती असं नाही. पण घाबरलेल्या माणसाला बोलता बोलता शांत करणं मला येतं, आणि जे येतं ते करायला मिळावं एवढीच माझी मागणी होती. त्या दिवशी घरी जेवताना मी हे सगळं बोलून दाखवलं. तिथेच घोळ झाला.

कारण समोर सासूबाई बसल्या होत्या. आमच्या घराच्या पुढच्या खोलीत त्यांचा शिवणवर्ग चालतो. वर्गातल्या बायका त्यांना इतक्या वचकून असतात की सासूबाईंनी सांगितलं तर बाही गळ्याला जोडतील. माझं बोलणं ऐकून त्या काहीच म्हणाल्या नाहीत. त्या काही म्हणाल्या नाहीत की घरातल्यांनी सावध व्हायचं असतं, पण त्या दिवशी मला ते सुचलं नाही.

सोमवारी सकाळी पहिला फोन आला. मी नेहमीसारखं म्हटलं, "पत्ता सांगा."

"पत्ता काय विचारतेस? डबा घेऊन निघालीस ना, तिथलाच."

सासूबाई! मी डोळे मिटले. "तरी सांगा."

त्यांनी सांगितला. काय झालंय विचारलं, तर म्हणाल्या, घाबरल्यासारखं होतंय असं लिही, पण गाडी पाठवू नकोस, नुसतं लिही. श्वास घ्यायला त्रास होतोय का, हा पुढचा प्रश्न. त्यावर त्यांनी विचारलं की तुझ्याशी बोलताना कुणाला होत नाही? शेवटचा प्रश्न राहिला होता, जवळ कोण आहे.

"सगळा वर्ग आहे. त्यांचेही येतील एकेक करून. गडबडून जाऊ नकोस."

आणि आले. सासूबाईंनी बायकांना दुखणी वाटून दिली होती. उंच होती तिला चक्कर, बारीक होती तिला अशक्तपणा, बोलक्या होत्या त्यांना छातीत धडधड. आग कुणी लावायची नाही, अशी ताकीद होती, कारण बंब निघाला तर गावाचं पाणी फुकट जायचं. गाडी निघेल असं काहीच बोलायचं नाही, थोडं कण्हायचं आणि मग बरं वाटतंय म्हणून ठेवून द्यायचं. बायकांनी नवऱ्यांना कामाला लावलं, नवऱ्यांनी दुकानातल्या गिऱ्हाइकांना. गावाचं आमच्यावर इतकं प्रेम आहे हे मला तोवर माहीत नव्हतं. सलूनवाला बरा झालेला पाय पुन्हा दुखतो म्हणून दर दोन दिवसांनी फोन करायचा आणि जाता जाता केस वाढलेत का असं रेडिओकाकांना विचारायचा.

नियम नियम असतो, त्यामुळे आम्ही प्रत्येकीला सगळे प्रश्न विचारायचो. रेडिओकाकांची तर चांदी झाली. बायका त्यांचा आवाज ऐकायलाच फोन करताहेत असा मला संशय होता. मोठ्या बाईंना सगळं कळत होतं. आकडा चढताना बघून त्यांच्या चेहऱ्यावर तेज यायचं, आणि मी त्यांच्याकडे बघितलं की त्या पंख्याकडे बघायच्या.

घरी येऊन मी सासूबाईंशी कडाकडा भांडले. म्हटलं, आई, मी जन्मभर पोरांना जे करू नका म्हणून सांगितलं ते तुम्ही गावाकडून करून घेताय. खरा फोन आला तर काय करू? त्या मशिनीत दोरा ओवत म्हणाल्या की खरा आला तर उचल, तुझं दुसरं काम काय आहे? त्यांच्याशी भांडणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं.

घरात माझ्या बाजूला एकच माणूस होता, माझे सासरे. ते वजनमापे निरीक्षक म्हणून निवृत्त झालेत. दुकानांचे तराजू तपासण्यात त्यांचं आयुष्य गेलं. एकदा त्यांनी सख्ख्या मेव्हण्याच्या दुकानातला काटा जप्त केला होता, आणि मग दुपारी ठरल्याप्रमाणे त्याच्याकडेच जेवायला गेले होते. सासूबाईंनी त्यांच्या वाट्याला कंबरदुखी दिली होती. त्यांनी ती परत केली.

"मी खोटं वजन टाकणार नाही," ते म्हणाले. "काही दुखलं तर करीन फोन."

सासूबाईंनी त्यावरून त्यांना रोज बोलून घेतलं. सबंध गाव मदत करतंय, घरचाच माणूस हात बांधून बसलाय, लोकांना काय तोंड दाखवू. सासरे पेपर वाचत बसायचे. दुखत नाही त्याला मी काय करू, एवढंच म्हणायचे.

मग तो दिवस उजाडला. दुपारची, वर्ग भरात असायची वेळ. माझ्या लाइनवर वर्गातली उंच बाई होती, चक्करवाली. पत्ता आमच्याच घराचा, आवाज ठणठणीत. रेडिओकाकांकडे कुणाचा तरी अशक्तपणा चालला होता. दोन्ही दिवे लागलेले, आणि भोंगा वाजायला लागला. रेडिओकाकांनी दचकून टोपी काढून घेतली. मी उंच बाईला घाईघाईने प्रश्न विचारत होते आणि ती पढवल्याप्रमाणे सावकाश कण्हत होती. तिने ठेवल्याशिवाय मला ठेवता येत नव्हतं. भोंगा वाजतच होता. एरवी घाईतला माणूस ठेवून पुन्हा फिरवतो. हा जो कोणी होता तो आपली पाळी यायची वाट बघत होता.

शेवटी तिला बरं वाटलं. मी तो फोन घेतला आणि पत्ता विचारला. पत्ता आला. आमच्याच घराचा.

माझं टाळकं सरकलं. मी म्हणणार होते, पुरे करा आता हा तमाशा. शब्द अगदी ओठांवर होते. पण जीभ सवयीची गुलाम, तिने पुढचा प्रश्न विचारून टाकला. काय झालंय?

"सूनबाई, मीच आहे," सासऱ्यांचा आवाज आला. "आज मी फोन करू शकतो. आज खरंच दुखतंय." आणि ते चक्क खूश वाटत होते.

मला वाटलं, झालं, सासूबाईंनी यांनाही वाकवलं. तरी श्वासाचं विचारलं. ते म्हणाले, त्रास मध्यम आहे, पण वाढता आहे, डाव्या हाताकडे कल आहे. तराजूचा अहवाल द्यावा तसं सांगत होते. प्रत्येक वाक्यानंतर थांबत होते. तो थांबण्याचा आवाज मी ओळखते. खोटं कण्हणाऱ्या बायका कधीच तसं थांबल्या नव्हत्या.

रुग्णवाहिकेचं बटण मी बोलता बोलता दाबलं होतं. ड्रायव्हरला सांगितलं, मागच्या बोळातून जा, पुढच्या दाराशी सगळ्या वर्गाच्या सायकली आहेत.

"बाबा, बसलाय की उभे आहात?"

"उभा आहे. खुर्चीवर शिवायला आलेले कपडे आहेत."

"कपडे खाली टाका आणि बसा."

"तुझी सासू रागावेल."

"टाका बाबा. मी सांगीन त्यांना."

ते बसले. आईंना हाक मारा म्हटलं, तर म्हणाले, तिचा वर्ग चाललाय, कशाला उठवायचं. भिंतीपलीकडे सासूबाई होत्या, आणि हा माणूस माझ्या भोंग्यावर ताटकळत उभा होता. मी लाइन चालू ठेवून दुसऱ्या फोनवरून उंच बाईला फोन लावला आणि म्हटलं, आईंना आत पाठव, आत्ताच्या आत्ता. ती म्हणाली, नाही हो मॅडम, आता खरंच बरं वाटतंय मला. मी तिच्यावर ओरडले. नोकरी लागल्यापासून मी कुणावर फोनवर ओरडले नव्हते.

सासरे वाचले. हृदयाची एक नस तुंबली होती, डॉक्टरांनी ती मोकळी केली, आणखी थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं असं म्हणाले. शुद्धीवर आल्यावर सासऱ्यांनी पहिलं काय विचारलं असेल, तर आपला फोन खरा म्हणून धरला ना? सासूबाई उशाशी बसल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. पण या वेळचं न बोलणं वेगळं होतं. घरी परत येताना रिक्षात त्या एकदम म्हणाल्या, "मी चक्कर दिली नसती तर त्यांचा फोन लगेच लागला असता." मी त्यांचा हात धरला. म्हटलं, आई, ही फोनाफोनी नसती तर त्यांनी फोनच केला नसता, गुपचूप खुर्ची रिकामी करत बसले असते. दोन्ही खरं होतं. त्या रडल्या, मीही रडले, आणि रिक्षावाल्याने विचारलं की आमच्या केंद्राला फोन करू का.

दुसऱ्या दिवशी वर्गातल्या सगळ्या बायका ठणठणीत बऱ्या झाल्या. आमचे दिवे विझले.

सभेला नगरपालिकेचा हॉल भरून गेला होता. समोर टेबलाशी सभापती आणि दशांशसाहेब, बाजूला मोठ्या बाई. पाळीवर रेडिओकाका आणि दुसऱ्या पाळीतली एक बाई होती, म्हणून मला यायला मिळालं. सासरे शाल पांघरून पहिल्या रांगेत बसले होते, डॉक्टरांचं न ऐकता. मोठ्या बाईंनी आकडा वाचला. आकडा झकास होता. दशांशसाहेबांनी चष्मा पुसला आणि शांतपणे सांगितलं की सगळे फोन ध्वनिमुद्रित असतात आणि त्यांनी ते सगळे ऐकलेत. बरेच फोन एकाच पत्त्यावरून आहेत, आणि करणाऱ्यांची तब्येत मात्र उत्तम आहे.

मोठ्या बाई पंख्याकडे बघू लागल्या. मी उठणार, तेवढ्यात सासूबाई उभ्या राहिल्या.

"ते माझे," त्या म्हणाल्या. "सगळे खोटे. माझ्यापायी माझाच नवरा ताटकळला. खोडून टाका."

दशांशसाहेबांनी खोडले. जे उरले ते मोजायला बोटं पुरली असती. आता कमीत कमी सासऱ्यांचा तरी फोन हिशेबात आहे असं मी मनात म्हणत होते, तर सासरेच उठले. म्हणाले, माझाही खोडा. मी तो संख्या वाढवायलाच केला होता, दुखत होतं हा योगायोग. मला त्या क्षणी त्यांच्या प्रामाणिकपणाला कोपरापासून नमस्कार करावासा वाटला.

दशांशसाहेबांनाही ते जड गेलं. ते मला म्हणाले, तुम्हाला तर खोटा फोन उचलल्याबरोबर कळत असेल. तसे सोडून बाकीचे मोजू, आणि त्यांचं अनुदान देऊ.

इथे माझा तोल गेला. "नाही कळत," मी म्हटलं. "घरच्या माणसाचा मला कळला नाही, परक्याचा काय कळणार? म्हणून सगळे उचलावे लागतात, सगळे प्रश्न विचारावे लागतात. तुम्ही करून बघा. आत्ता, इथून. खोटाच करा." शाळेतली पोरं तिथे नव्हती हे नशीब.

दशांशसाहेबांनी सभापतींकडे बघितलं. मग फोन काढला, आवाज मोठा केला आणि नंबर लावला. एक घंटीसुद्धा पुरी वाजली नाही.

"पत्ता सांगा," हॉलभर रेडिओकाका घुमले.

साहेबांनी नगरपालिकेचा पत्ता सांगितला. काय झालंय? काही नाही, सहज केला. बरं, श्वास घ्यायला त्रास होतोय का? नाही, म्हणजे जिना चढून आलो, तेवढाच. जवळ कोण आहे? साहेबांनी हॉलकडे नजर टाकली आणि म्हणाले, बरेच लोक आहेत.

"त्यांच्यापैकी कुणी तुम्हाला त्रास देतंय का? बोलता येत नसेल तर नुसतं हो म्हणा."

हॉल खो खो हसला. साहेबांनी घाम पुसला आणि नाही म्हणाले.

"ठीक आहे," रेडिओकाका म्हणाले. "तुम्ही ठेवलात की मी ठेवतो. तोवर मी इथेच आहे."

दशांशसाहेबांनी ठेवला नाही. ते फोनकडे बघत राहिले. हसणं विरून गेलं. पलीकडे रेडिओकाका काही बोलत नव्हते, पण ते आहेत हे सगळ्यांना ऐकू येत होतं. बऱ्याच वेळाने साहेबांनी हळूच विचारलं, "किती वेळ थांबाल?"

"तुम्ही ठेवेपर्यंत."

"आणि दुसरा फोन आला तर?"

"दुसऱ्या टेबलावर माणूस आहे ना. तुम्ही काळजी करू नका."

साहेबांनी फोन ठेवला. चष्मा काढून पुन्हा पुसला, खरं तर तो स्वच्छ होता. मग मला विचारलं, हा फोन कशात धरायचा?

"खोट्यात," मी म्हटलं. "पण उचलला, साहेब. तुम्ही आम्हाला पैसे देता ते त्याचे."

त्यांनी आकड्यांचा कागद मिटला. मग सभापतींना म्हणाले की फोन मोजण्यात अर्थ दिसत नाही, पूर्वीसारखी ठरलेली रक्कम द्यावी, पाणीपट्टीत थोडी भर घालून. पण फोन किती लवकर उचलला जातो हे आपण अधूनमधून तपासणार, असंही म्हणाले. सभापतींनी सभेला विचारलं, पाणीपट्टी वाढेल, मान्य असेल त्यांनी हात वर करा.

हॉलभर हात वर गेले. मोठ्या बाई पहिल्यांदाच पंख्याकडे न बघता लोकांकडे बघत होत्या. सासूबाईंनी तर दोन्ही हात वर केले होते. सासऱ्यांनी शालीतून हात काढला, त्यांचा एक हात धरून खाली ओढला आणि म्हणाले, "माणशी एकच."